तपासलेली पिशवी, न तपासलेलं गठुडं

बल्लारपूरच्या पोलीस ठाण्यात मी नवाच फौजदार होतो; ती संध्याकाळ मी अजून विसरलो नाही. ऐन लग्नसराईत साड्यांच्या एका मोठ्या दुकानाचे मालक तक्रारीचा अर्ज घेऊन आले. तीन भारी साड्या गायब होत्या. संशय एका विक्रेतीवर होता, कारण सुटल्यावर पिशवीची झडती न देताच ती निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी महिला शिपायासमोर तिची चौकशी केली. मीही आधी तिची पिशवीच रिकामी करायला लावली. निघाला एक डबा आणि रेल्वेचा पास.

“पळून काऊन गेली?” शिपाईबाईंनी विचारलं.

“पळाली नाई जी, गाडीवर गेली. मशीनवर अंगठा लावला का ड्युटी संपते. मंग झडतीसाठी अर्धा घंटा लायनीत. माही गाडी थांबते का? अन् या डब्याएवढ्या पिशवीत तीन भारी साड्या मावतीन का, साहेब?”

शिपाईबाई हसल्या. मला हसू आलं नाही. गुन्हा दाखल झाला असता तर तिची नोकरीही गेली असती आणि गावात नावही.

मी दुकानात गेलो. झडतीच्या रांगेतली एक वयस्कर बाई हळूच म्हणाली, “आमचे डबे रोज हुंगतेत. फॉल-पिकोले बाहेर जाते ते गठुडं कोनी सोडून पाह्यते का?”

ते गठुडं मालक स्वतः बांधत, म्हणून ते कुणी तपासत नसे. आम्ही फॉल लावणाऱ्या बाईंचं घर गाठलं. तिन्ही साड्या तिथेच होत्या. एकीला फॉल लावूनही झाला होता.

“गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी नव्हती, पन शेटजीच्या गठुड्यात आल्या. मले वाटलं, चिठ्ठी लावाले इसरले असतीन.”

गर्दीत आपणच त्या चुकून बांधल्या हे कबूल करून मालकांनी अर्ज मागे घेतला. पण दुकानातल्या बायका गप्प बसल्या नाहीत. सगळ्यांनी मिळून कामगार कार्यालयात दावा लावला की झडतीचा वेळ हा कामाचाच वेळ. मी तिथे जबाब दिला. शेवटी झडती आधी आणि अंगठा नंतर, असं ठरलं.

माझे वडील कोळसा खाणीवर मजूर होते. पाळी सुटली की तेही फाटकावर डबा उघडून दाखवत. त्याच डब्यावर मी घरातला पहिला पदवीधर झालो, अंगावर वर्दी चढली, आणि त्या वर्दीत मी पहिलं काम काय केलं, तर दुसऱ्याचा डबा उघडायला लावला. त्या विक्रेतीची पिशवी परत करताना डब्याचं झाकण मी स्वतः लावून दिलं. त्यानंतर नोकरीत कुणाचीही पिशवी उघडण्याआधी मी त्याला बसायला खुर्ची दिली आणि आधी त्याचं ऐकून घेतलं.