निळ्या ड्रमवरचं गिफ्ट

"ड्रम परत मागायचा? लग्नघरातून?" आमचे प्लँट मॅनेजर म्हणाले. "आपणच दिलाय तो. आणि रिकामा तर आहे."

"रिकामा ड्रम रिकामा नसतो, सर," मी म्हटलं आणि कंपनीच्या टेंपोत बसले.

मी साजगावच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. आमच्याकडे जर्मनीहून निळ्या प्लॅस्टिकच्या ड्रममधून एक विषारी केमिकल येतं. ते प्लॅस्टिकमध्ये मुरतं. वरून कितीही घासा, पाणी भरलं की हळूहळू उतरतं. मी रजेवर असताना स्टोअरवाल्यांनी असा एक ड्रम आमचा फिटर दत्ता याला देऊन टाकला. उद्या त्याच्या मुलीचं लग्न, पोशीरला. मी वाटेत पिण्याच्या पाण्याची नवी टाकी घेतली. लग्नघरी रिकाम्या हाताने जाऊ नये, मागायला तर मुळीच नाही.

ड्रम मांडवात होता. अर्धा भरलेला, वर हळदीचा दोरा बांधलेला. माझं डोकंच सणकलं.

"दत्ता, यातलं कुणी प्यायलं?"

"नाय मॅडम. उद्याच्या जेवनाला हाय ते."

जीव भांड्यात पडला. मग मी ड्रम मागितला.

"दिल्यालं कुनी परत नेतं का, मॅडम?" दत्ताची बायको सुमन म्हणाली. तिचंही बरोबर होतं.

दत्ता हसला. "आन् त्यावर गिफ्टच लिवलंय की." फाटक्या लेबलावर तेवढंच उरलं होतं.

"जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष."

"कायतरीच! भेट आन् इख, एकच शब्द?"

आता हा माझा प्रांत. मशीन बसवायला आलेल्या स्वीडनच्या इंजिनीअरकडून मी हे ऐकलं होतं. त्यांच्याकडेही लिहितात असंच, म्हणतात 'यिफ्ट'. त्याचा एक अर्थ विष आणि दुसरा लग्न झालेला. सगळ्यांचं मूळ एकच, 'देणे'.

"आपणही मुलगी देतो, आहेर देतो," मी म्हटलं. "आणि वहिनी, धडधाकट बाई अचानक गेली, की गावात काय म्हणतात?"

सुमनने तोंडाला पदर लावला. "कुनीतरी कायतरी दिलं तिला."

"जर्मन लोकही तेच म्हणतात. त्यांच्याकडे विष म्हणजे 'दिलेलं'."

सुमनने दत्ताकडे पाहिलं. मग ड्रमचा दोरा सोडला आणि नव्या टाकीला बांधला.

ड्रमला झाकण लावून पाण्यासकट टेंपोत चढवला. असलं पाणी शेतात ओतायचं नसतं. लग्न उरकून कामावर आल्यावर दत्ताने स्वतः पहारीने त्या ड्रमला भोक पाडलं. आता आमच्याकडचा कुठलाही ड्रम भोक पाडल्याशिवाय गेटबाहेर जात नाही.

"असला ड्रम घेणार कोण?" मॅनेजरांनी विचारलं.

"कुणीच नाही, सर. म्हणूनच."