उजवीकडून दुसरी डिस्क

कवळ्यांच्या कारखान्यात तिला सगळे थांबाताई म्हणत. सर्व्हर बिघडला की ती दारातूनच ओरडायची, "थांबा! कोणीही हात लावू नका!" मग पिशवी ठेवायची, चष्मा पुसायची, वहीत वेळ लिहायची आणि सर्व्हरच्या पेटीला कान लावून बसायची. वीस वर्षं तिनं लोकांचे सर्व्हर सांभाळले होते, आणि तिच्या मते त्यातली निम्मी दुरुस्ती माणसांचे हात धरून ठेवण्यातच झाली होती.

त्या मंगळवारी मात्र थांबाताई थांबली नाही, कारण पेटीत तिच्या आईचे दात होते.

म्हणजे दातांचा स्कॅन. दात काढायच्या आदल्या दिवशी कारखान्याचे मालक असलेल्या कवळीवाल्या काकांनी आईच्या जबड्याचा हुबेहूब स्कॅन घेतला होता, पुढच्या दोन दातांमधल्या फटीसकट. त्या फटीतच आईचं सगळं हसू होतं. दात गेले आणि गेले तीन महिने आई तोंडावर हात धरून बोलत होती. हसणं तर तिनं टाकूनच दिलं. आज चार वाजता मशीन त्या स्कॅनवरून कवळी कोरणार होतं. आता तोंडात दातच नव्हते, तेव्हा दुसरा स्कॅन कशाचा घेणार? आणि बॅकअप म्हणाल, तर तो काकांनी मोठ्या काळजीनं त्याच पेटीत ठेवला होता. धन्य ते काका!

अकरा वाजता फोन आला, चारपैकी एक डिस्क गेली. तसं घाबरायचं कारण नव्हतं. चार डिस्कची मोट अशी बांधलेली असते की एक गेली तरी उरलेल्या तिघी तिचं काम ओढतात. दोन गेल्या की कारभार आटोपला. ताईनं कारखान्यात येऊन लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, गेलेल्या डिस्कचा क्रमांक पाहिला आणि पेटीवर काकांनी चिकटवलेल्या तक्त्याशी ताडून घेतला. तिथं लिहिलं होतं, 'उजवीकडून दुसरी'. एरवी ती आधी त्या डिस्कचा दिवा लुकलुकवून खात्री करायची. आज कुठला धीर! उजवीकडून दुसरी डिस्क तिनं सर्रकन ओढली.

पडद्यावर लाल ओळी धो धो कोसळू लागल्या. कारखान्यातली मशीनं एकेक करून गप्प झाली.

"ताई, बंद करून चालू करू का?" काका धावत आले.

"थांबा!"

"मग तो दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवू? जे विचारेल त्याला हो म्हणत जातो."

"काका, हात खिशात घाला. दोन्ही."

तिनं हातातल्या डिस्कवरचा क्रमांक वाचला. ही तर धडधाकट डिस्क!

"काका, उजवीकडून म्हणजे कुणाच्या उजवीकडून?"

"पेटीच्या! आपल्यात उजवी बाजू नेहमी पेशंटची असते. तो आपल्याकडे तोंड करून बसलेला असतो ना."

ताई पेटीकडे बघतच राहिली. तीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावणाऱ्या माणसानं सर्व्हरलाही खुर्चीत बसवलं होतं! रडायचं सोडून तिला हसूच फुटलं. "अहो, मग त्याला आ करायला तरी सांगायचं!" काका आधी बावचळले, मग तेही हसता हसता खाली बसले.

ताईनं डोळे पुसले आणि वहीत वेळ लिहिली. चांगली डिस्क परत सरकवली, तिन्हींना दटावून पुन्हा एका मोटेत बांधलं. फायलींची मांडणी, म्हणजे फाइलसिस्टिम, आधी नुसती तपासायला लावली, दुरुस्तीला परवानगी नाही. कुठं काय मोडलंय ते कळलं, सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलं, मगच दुरुस्ती चालवली. सगळ्यांच्या कवळ्या परत आल्या. आईची नाही. डिस्क ओढली त्याच क्षणी काका आईची फाइल आजच्या कामांच्या फोल्डरमध्ये हलवत होते.

ज्यांचं नाव-गाव पुसलं जातं अशा फाइली दुरुस्तीनंतर एका वेगळ्या कप्प्यात येऊन पडतात. तिथं अकरा होत्या, नावाच्या जागी नुसते आकडे. ताई एकेक उघडू लागली. कुणाचा सुळा, कुणाची दाढ. सातवी उघडली, पडद्यावर एक जबडा गर्रकन फिरला, आणि पुढच्या दोन दातांमध्ये ती फट!

"आई!" थांबाताई एवढ्यानं ओरडली, की पाकिटं बांधणाऱ्या बायका धावत आल्या आणि पडद्यावरच्या जबड्याला टाळ्या वाजवू लागल्या.

कवळी कोरून, घासून हातात यायला शनिवार उजाडला. आईनं ती बसवली, आरशात पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. मग ताईनं तिला खुर्चीत बसवलेल्या सर्व्हरची गोष्ट सांगितली. आई खुदकन हसली आणि सवयीनं तिचा हात तोंडाकडे निघाला.

"थांब," ताई म्हणाली आणि तिनं तो हात वरच्या वर धरून ठेवला.