दोन तासांत दोहा

दिघोरीच्या मालनबाईचा मुलगा अतुल वेल्डिंगच्या कामावर दोह्याला निघाला, तेव्हा विहारात सगळ्यांनी त्याला हार घातले. धानाच्या मळणीचे दिवस होते. नागपूरच्या विमानतळावरून त्याने काकाच्या, परसरामच्या, घरी फोन केला, "माय, विमानात बसून राहिलो." दोन तासांनी फोन पुन्हा वाजला. "पोचलो."

मालनबाईने मळणीवरच्या बायांना साखर वाटली. गावातला टेकचंद तिथेच होता, आखातात राहून आलेला. त्याने विचारले, "मावशी, एवढ्या लवकर? दोहा अठ्ठावीसशे किलोमीटर हाय. सरळ विमानालेही चार तास लागतेत. दोन तासांत तं तो समुद्रावरच पायजे होता."

बाया हसल्या. मालनबाई हसली नाही. नवरा गेल्यापासून धान विकताना ती काट्याजवळून हलत नसे. कोणी गोड बोलले की जास्तच निरखून बघे. पण पोटच्या पोरावर संशय घ्यायची पाळी पहिल्यांदाच आली.

पुढच्या फोनला तिने सहज विचारल्यासारखे केले. अतुल म्हणाला, "माय, हवा मागून होती. विमान जोरात पयालं." त्याच्या मागे कोणीतरी हिंदीत चहावाल्याला हाक मारत होते. तिने हे टेकचंदला सांगितले, तर तो म्हणाला, तिकडेही आपलीच माणसं असतात, त्यावरून काही कळत नाही. "पन आपल्या इथं दिवे लागतेत, तवा तिथं भर दुपार रायते."

रविवारी दिवेलागणीला फोन आला. मालनबाईने आधी जेवणाचे विचारले, थंडीचे विचारले. मग म्हणाली, "अंधार पडला काय रे तुयाकडं?"

"हो, आत्ताच पडला."

"दोह्यात आता ऊन असते, अतुल."

 पलीकडे तो रडायलाच लागला. काम लावून देणाऱ्या भंडाऱ्याच्या एजंटाने त्याला दिल्लीच्या विमानात बसवले होते. व्हिसा येतो म्हणून पासपोर्ट काढून घेतला आणि एका खोलीत बारा पोरांना ठेवले. हार घालून निघालेला, परत कोणत्या तोंडाने येणार?

मालनबाई त्याला रागावली नाही. दुसऱ्या सकाळी परसरामला घेऊन ती एस.टी.ने भंडाऱ्याला गेली. एजंटाच्या दुकानाला कुलूप होते. मग पोलीस ठाण्याच्या बाकावर ती तक्रार लिहून घेईपर्यंत बसून राहिली. अतुलने सांगितलेल्या पत्त्यावर दिल्लीच्या पोलिसांनी खोली उघडली, तेव्हा पोरे सापडली, पासपोर्टही सापडले. एजंट मात्र मिळाला नाही.

अतुल भंडारा रोड स्टेशनवर उतरला. आईच्या पाया पडत म्हणाला, "मी तुले सांगनारच होतो, माय."

"कधी?" मालनबाईने विचारले.

 तिने त्याची पिशवी उचलली आणि ऑटो बघायला पुढे चालू लागली.