वाघजाईच्या राईतली पाल

कुरवंड्याची शालूबाई लोणावळ्यात एका बंगल्यावर वीस वर्षं स्वयंपाक करते. एवढ्या वर्षांत तिथली चिमूटभर साखरसुद्धा तिने पदराला बांधली नाही. गावातही तिला मान. वाघजाईला कौल लावायचा तर तो शालूबाईनेच, नवरात्रात घट बसतानाचाही. ओल्या कळ्या देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. देवीच्या राईतून तर वाळकी काटकीही कुणी घरी नेत नाही.

तिथूनच शालूबाईने पाल नेली.

बंगल्याच्या मालकाचा मुलगा विक्की पाली पाळायचा. काचेच्या पेट्या, आत वाळू, वर दिवे, आणि परदेशातल्या ठिपक्याठिपक्यांच्या पाली. शालूबाई दारातूनच त्याला जेवायला हाक मारायची. आत पाऊल टाकायची नाही. एकदा त्याने तिला मोबाइलवर फोटो दाखवला. तपकिरी अंग, त्यावर हळदीच्या रंगाचे आडवे पट्टे.

"मावशी, ही विकत मिळत नाही. आपल्याच डोंगरात सापडते म्हणे."

"अगं बया, ही तर आमच्या राईत दगडाखाली असती!" शालूबाई बोलून गेली.

मग त्याने पिच्छाच पुरवला. तिच्या लेकीसाठी, कोमलसाठी, ओळखीच्या रिसॉर्टमध्ये नोकरीचा शब्द टाकतो म्हणाला. "फक्त कुणाला सांगू नका हं, मावशी." तेव्हाच ओळखायला हवं होतं.

मंगळवारी राईत कुणी नसताना तिने कौल लावला. पण विचारलं काय? "आई, माज्या लेकीचं भलं व्हईल ना?" पालीचं नावच काढलं नाही. उजवी कळी पडली. शालूबाईने तेवढ्यावर दगड उलटला आणि पदर हाताला गुंडाळून पाल धरली. घाबरून पालीने शेपूट टाकलं. ते कितीतरी वेळ मातीत वळवळत होतं.

विक्कीने डबा उघडून नाक मुरडलं. "शेपूट नाही? मावशी, हा पीस डॅमेज आहे. दुसरी बघा. जोडी मिळाली तर बेस्टच."

डॅमेज हा शब्द तिने आजवर फुटक्या कपबश्यांसाठीच ऐकला होता. तिने डबा उचलला आणि तशीच गावाकडे निघाली. गुपचूप सोडून यावं, कुणाला कळायचं नाही, असा बेत. कळलं तर गावात तोंड कसं दाखवायचं?

पण घट बसायला दोनच दिवस उरले होते. राईत साफसफाईला बाया जमलेल्या, म्हातारे पुजारी रखमाजी आबा पायऱ्या धूत होते.

"शालू, डब्यात काय गं? परसाद व्हय?"

"बंगल्यावरचा केक असंल, आबा!" सविता ओरडली. "आमाला बी दे की, येकटीच खाशील!"

बाया खिदळल्या. नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तरी भागलं असतं. तो शब्द शालूबाईच्या अगदी ओठांवर आला होता.

"पाल हाये," ती म्हणाली. "हितलीच. मी नेलती."

झाडू थांबले.

"कौल लावून नेलती," ती घाईने म्हणाली, आणि मग तिला स्वतःचीच शिसारी आली. "न्हाई, आबा. पालीचं इचारलंच न्हाई मी. डावी पडंल म्हून भ्याले."

आबांनी डब्याकडे बोट केलं. "आदी तिला सोड," एवढंच म्हणाले.

तिने डबा दगडापाशी आडवा केला. बिनशेपटाची पाल क्षणभर तशीच बसली, मग फटीत गेली.

"घटाचा कौल आता..." सविताने विचारलं आणि मध्येच जीभ चावली. सगळ्यांच्या नजरा आबांकडे. आबा खाली मान घालून पायरी घासत होते.

"तू लाव, सविता," शालूबाई म्हणाली. तिने सविताच्या हातातला झाडू घेतला आणि राईच्या पार दुसऱ्या टोकाकडून झाडायला सुरुवात केली. देवळाकडे पाठ करून.