सूत सडेपर्यंत

त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला टाकीतलं पाणी थांबलं, तेव्हाच मला कळलं.

भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीची भिंत आणि शेजारच्या रफीकशेठच्या कारखान्याची भिंत एकच आहे. पलीकडे सोळा लूम, म्हणजे यंत्रमाग. शुक्रवारची सुट्टी सोडली तर ते दिवसपाळी-रातपाळी चालू असतात, आणि ते चालू असेपर्यंत भिंतीला लागून ठेवलेल्या माशांच्या टाकीतलं पाणी बारीक थरथरत राहतं. वीज गेली की थांबतं. पण त्या दिवशी डोक्यावरचा पंखा फिरत होता. भास्करभाऊजींच्या उशाशी रात्र काढून मी सकाळच्या एस.टी.नं ठाण्याच्या रुग्णालयातून घरी आले होते. आंघोळ उरकून, मऊ भाताचा डबा भरून परत जायचं होतं. सहज टाकीकडे नजर गेली तर पाणी आरशासारखं. मंगळवारी, वीज असताना, सोळाच्या सोळा लूम बंद पडायला दुसरं कारण नव्हतं. गल्लीत टेलिफोन एकच आहे, तो रफीकशेठच्या ऑफिसात. ते दारात येऊन उभे राहिले तोवर मी डब्याचं झाकण लावून घेतलं होतं.

"सिस्टर, ठाणे से फोन था," ते म्हणाले. मग जरा थांबून, "मैंने लूम बंद करवा दिए..."

मी म्हटलं, "मालूम पडा."

भास्करभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमचे हे गेले त्याला नऊ वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन कल्याणला गेली, आणि घरात आम्ही दोघंच उरलो. मी दवाखान्यात परिचारिका, ते रफीकशेठच्याच लूमवर जॉबर. म्हणजे बिघडलेला लूम पुन्हा चालता करून देणारा माणूस. लोकांना काय बोलायचं ते त्यांनी पहिल्या वर्षी बोलून घेतलं आणि पुढे कंटाळले. आमच्या ड्युटीच्या वेळा जुळत नसत. महिनोन् महिने आमचं बोलणं म्हणजे चुलीजवळ झाकून ठेवलेलं ताट आणि सकाळी घासून पालथं घातलेलं ताट, एवढंच असे. पंचवीस वर्षं लूमच्या आवाजात काढल्यामुळे त्यांचे दोन्ही कान निम्मे गेले होते. त्यामुळे ते फार बोलत नसत, आणि बोलले तर समोरच्याच्या ओठांकडे बघत.

पुढे कापसाच्या तुसानं छाती धरली. डॉक्टरांनी कारखान्यात पाऊल टाकायचं नाही असं सांगितलं, तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. रिकामा बसलेला जॉबर किती वाईट दिसतो ते मी तेव्हा पाहिलं. खुर्ची टाकीजवळ ओढायची, काचेला तळहात लावायचा आणि पाण्याकडे बघत बसायचं. एकदा अचानक उठून भिंतीवर तीन थापा मारल्या. पलीकडून माणूस आला. भाऊजी त्याला म्हणाले, "दरवाजाजवळचा लूम बघ. धोट्याला मार कमी पडतोय." तो गेला आणि पाच मिनिटांत परत येऊन त्यांच्याकडे तोंड उघडं टाकून बघत राहिला. पाण्यावरच्या थरथरीतून यांना प्रत्येक लूम वेगळा दिसत होता. मी कितीतरी वेळा बघितलं, मला नुसतं पाणीच दिसलं.

ती टाकी तेव्हा सगळ्यांकडे असते तशीच होती. लोखंडी अँगलची चौकट, पुट्टी भरून बसवलेल्या काचा, तळाला गुलाबी-निळे खडे, प्लॅस्टिकचं झाड, चिनी मातीचा पूल. पंधरा दिवसांनी सगळं पाणी उपसायचं, खडे धुवायचे, नवीन पाणी भरायचं, आणि दर खेपेला एखादा मासा मरायचा. एक दिवस चहा पिताना त्यांनी मला विचारलं, "वहिनी, नदीचं पाणी दर पंधरा दिवसांनी कोण बदलतं?" मी कप उचलून आत गेले. आठवडाभरानं प्लॅस्टिकचं झाड उकिरड्यावर होतं.

खरी झाडं कशी लावायची ते विचारायला कोणी जाणकार नव्हता. छातीला गरम पाण्याच्या कुंडांचा उपयोग होईल असं कोणीसं सांगितलं म्हणून मी त्यांना अकलोलीला घेऊन गेले होते. कुंडात ते दहा मिनिटं बसले असतील. उरलेला सगळा वेळ खालच्या नदीपात्रात गुडघाभर पाण्यात वाकून. तीन प्रकारची झाडं त्यांनी काढली. एक लांब पातीचं, गवतासारखं. एक केसाळ शेवाळ. आणि एक काळपट हिरव्या पानांचं, खडकाला धरून वाढणारं. काठावर भांडी घासणारी एक आदिवासी बाई बराच वेळ बघत होती. शेवटी मला म्हणाली, "येवढ्या लांबून पाला न्यायला आलाव? बकरी हाय का घरा?" मी म्हटलं, मासे आहेत. ती हसली नाही. भाऊजी मुळं धुवायला लागले तेव्हा तिनं त्यांना खूण करून थांबवलं. "चिखूल धू नको बाबा. ती त्याची भाकर हाय." ते त्यांनी ओठांवरून बरोबर वाचलं. दुधाच्या पावडरीच्या डब्यात, ओल्या गोणपाटात गुंडाळून, चिखलासकट तो पाला एस.टी.नं भिवंडीला आला.

मग खरी अडचण सुरू झाली. शुक्रवारी लावलेलं रोप शनिवारी लूम सुरू झाले की रात्रीपर्यंत सुटून वर तरंगायचं. थरथरीनं वाळू सैल व्हायची. तीन शुक्रवार असेच गेले. चौथ्या शुक्रवारी त्यांनी रोपं दगडांना बांधायचं ठरवलं आणि कारखान्यातून हाताला आलं ते सूत आणलं. चांगले दहा-दहा वेढे देऊन पंधरा-वीस दगड बांधले. दुसऱ्या दिवशी पाणी पांढरं झालं, तिसऱ्या दिवशी भाताच्या पेजेसारखं, आणि मासे वर येऊन तोंड उघडून हवा घ्यायला लागले. सूत ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्याचं होतं. ताण्याच्या सुताला बीमवर चढवण्याआधी कांजी देतात. ती सगळी पाण्यात उतरली होती. पंचवीस वर्षं लूमवर काढलेल्या माणसानं ही चूक करावी... ते खोकल्याची उबळ येईपर्यंत हसले. "माशांना पेज पाजली मी," म्हणाले. मग बाण्याचं, आडव्या धाग्याचं सूत आणलं, त्याला कांजी नसते. या खेपेला झाडं टिकली.

दोन वर्षांत ती टाकी ओळखू येईना. आतून काचेवर हिरवट थर, पाण्याला चहाची झाक, तळाला पानांचा गाळ, आणि सहाच्या सहा काळे मॉली मासे जिवंत. त्यांना ते फार आवडायचं. मला ती घाण दिसायची. ज्या बाईचा दिवस फिनेलच्या वासात जातो तिला तसंच दिसणार. मी एवढंच म्हणायचे की पाहुणे आले तर लाज वाटते. ते म्हणायचे, "पाहुण्यांना कुठे पोहायचंय त्यात?"

आता जे लिहायचं ते सरळ लिहिते. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात त्यांना पहिल्यांदा रुग्णालयात ठेवावं लागलं, वीस दिवस. ते घरी यायच्या आदल्या दिवशी मी घर झाडून-पुसून काढलं आणि त्याच झपाट्यात टाकीला हात घातला. मासे बादलीत काढले. वाळू धुण्याच्या सोड्यानं धुतली. दगड पातेल्यात घालून उकळले, जसे दवाखान्यात चिमटे उकळतो. झाडांची बुळबुळीत झालेली पानं कापली, उरलेली लाल औषधाच्या पाण्यात बुडवली. काच घासून लख्ख केली, नळाचं ताजं पाणी भरलं, मासे सोडले. आजारी माणूस घरी येणार, त्याला स्वच्छ काहीतरी दिसावं, एवढाच विचार होता. सकाळी सहाही मासे उलटे झाले होते.

ते आले, खुर्चीत बसले, टाकीकडे पाहिलं. काचेला तळहात लावला. मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही ऑपरेशन थिएटर केलंत हिचं." त्यांनी पुढे एवढंच म्हटलं, "जाऊ दे. दोन वर्षांचं होतं ते."

त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. मीही माफी मागितली नाही. मला ते येत नाही. पण रिकाम्या टाकीसमोर ते रोज तसेच बसत, काचेला हात लावून. पावसाळाभर नदीला पाणी, जाता येईना. दिवाळी झाल्यावर एका गुरुवारी रजा टाकून मी एकटी अकलोलीला गेले. साडी खोचून पात्रात उतरले. तीच बाई काठावर होती. तिनं मला ओळखलं.

"तो बाबा न्हाय आला?"

"आजारी आहेत."

"पाला बकरीनं खाल्ला वाटतं."

"बकरीनं नाही," मी म्हटलं. "मीच."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, घासायचं पातेलं खाली ठेवलं आणि पाण्यात उतरली. खडकाला धरलेलं रोप मुळं न तोडता कसं सोडवायचं ते मला तिनं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. पाणी स्थिर. भाऊजींना तोवर हात खांद्याच्या वर नेता येईनासा झाला होता, त्यामुळे ते खुर्चीतून सांगत होते आणि मी करत होते. आयुष्यात मी जखमा बांधल्या आहेत. माझी गाठ सुटत नाही. पहिलीच गाठ बघून ते म्हणाले, "ढिली... ढिली बांधा वहिनी. रक्त थांबवायचं नाहीये." मी म्हटलं, ही सुती दोरी महिन्याभरात सडेल, नायलॉनचा धागा आणते, जन्मभर टिकेल. त्यांनी मान हलवली. "म्हणूनच नको. देठ जाड झालं की नायलॉन त्यालाच कापतो. सूत सडायलाच पाहिजे. ते सडेपर्यंत मुळं दगडाला धरतात, मग रोपाला सुताचं काम उरत नाही."

"किती दिवस लागतात?"

"दीड-दोन महिने."

मी त्यांच्या नखांकडे पाहिलं. निळी पडली होती. दीड महिना म्हणजे काय ते मला कळत होतं, आणि मला कळतंय हे त्यांनाही कळलं असावं, कारण ते लगेच टाकीकडे बघायला लागले. त्या दिवसापासून माझी एकच इच्छा होती. माझ्या हातानं मेलेली टाकी त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा उभी राहावी. देव वगैरे मी मध्ये आणला नाही. पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवायचं, मगच घालायचं, काचेला हात लावायचा नाही, एवढं पाळलं.

पहिल्या पंधरवड्यात पानं सडून गळली. मी घाबरले, ते म्हणाले, जुनी पानं जाणारच, गाभा बघा. तिसऱ्या आठवड्यात गाभ्यातून नखाएवढं हिरवं पान आलं, तेव्हा मी बाजारातून नवे मासे आणून सोडले. मग रोज सकाळी डोळे उघडले की ते विचारायचे, "धरलं का?" मी हात घालून ओढून बघायला गेले तर रागावले. आजवर कधी रागावले नव्हते. "ओढून बघायचं नाही. ओढलं की धरत नाही. सूत सुटलं की समजायचं धरलं." म्हणून मी रोज वाकून सूत बघायची. असायचं. "अजून नाही," मी सांगायची. ते मान डोलवायचे.

सातव्या आठवड्यात त्यांना पुन्हा ठाण्याला न्यावं लागलं. रिक्षेत बसवण्याआधी त्यांनी टाकीजवळ थांबायला लावलं. वाकता येत नव्हतं. माझ्या ओठांकडे बघत विचारलं, "धरलं?" मी वाकून बघितलं. सूत होतं. रंग काळा पडला होता, पण होतं. दवाखान्यात इतकी वर्षं काढल्यावर एक सवय लागते, रोग्याला खोटं सांगायचं नाही. आज खोटं सांगितलं तर उद्या खऱ्यावरही त्याचा विश्वास बसत नाही. मी म्हटलं, "अजून नाही." रुग्णालयात सोमवारी संध्याकाळी त्यांनी पुन्हा विचारलं. नाकाला नळी होती, आवाज आला नाही, नुसते ओठ हलले. त्यांच्याकडून मी एवढं शिकले होते, ओठ वाचायला. मी मान हलवून नाही म्हटलं... मंगळवारी पाणी थांबलं.

याला सहा आठवडे झाले. खुर्ची मी माळ्यावर टाकली. वापरात नसलेली वस्तू मधे नको. त्यांचे कपडे कारखान्यातल्या माणसांना देऊन टाकले. टाकीला रोज माशांपुरतं खाणं घालते, काच पुसत नाही.

गेल्या शुक्रवारी ड्युटीवर निघताना पाण्यावर काळपट काहीतरी तरंगताना दिसलं. मेलेली अळी वाटली. चिमटीत धरलं तर सूत. बोटांत त्याचा लगदा झाला. मी पिशवी खाली ठेवली, बाही वर केली, कोपरापर्यंत हात घातला आणि ते रोप देठाशी धरून हलकेच ओढलं. सुटलं नाही. जरा जोर लावला, तेव्हा दगडच रोपाबरोबर वर आला. तो मी हातावर उलटा करून पाहिला. मुळं दगडाच्या खालून फिरून पलीकडच्या बाजूनं परत वर आली होती, जाड, तपकिरी, जुनी. जखम किती दिवसांची आहे ते मी बघताक्षणी सांगू शकते. ही मुळं सहा आठवड्यांची नव्हती. भाऊजी रिक्षेत बसण्याआधी विचारत होते तेव्हाच रोपानं धरलेलं होतं.

दगड होता तिथे ठेवला. ढवळलेला गाळ खाली बसेपर्यंत थांबले, हात पुसला आणि दवाखान्यात गेले. पंधरा मिनिटं उशीर झाला. शनिवारी सकाळी लूम सुरू झाले आणि पाणी पुन्हा थरथरायला लागलं.