देवाच्या वहाणांचा मार्क

नात अलंकार पाठ करताना चेतनगुणोक्तीचं उदाहरण मागते, तेव्हा मी तिला वारा देते, लाटा देते. देवाच्या वाटेला जाऊ देत नाही. मी गेले होते.

आमच्या गावचा राखणदार देव रात्री हद्दीवरून फिरतो. फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक नवसाच्या नव्या वहाणा देवळात ठेवतात, चांगल्या हातभर लांब. जुन्यांचे झिजलेले तळ मी पाहिले आहेत.

नववीत मला अलंकारांचं वेड लागलं. आई म्हणाली, हाका मारून घसा फाटला, की मी म्हणे, अतिशयोक्ती. एवढं ऐकूनही कुणी माझ्या थोबाडीत दिली नाही, माणसं सोशिक होती.

चाचणीत प्रश्न आला, चेतनगुणोक्तीचं स्वतःचं उदाहरण द्या. म्हणजे निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते असं वर्णन. मी लिहिलं, 'पाषाणाचा देव वहाणा घालून गाव राखतो.' गुरुजींनी पुरा मार्क दिला, वर्गात वाचून दाखवलं. पहिला नंबर आला. मी अशी बसले, जणू बाकीचे माझी पालखी उचलायलाच जन्मले होते.

हा ताठा देवळामागच्या पाणंदीपर्यंत टिकला. तिन्हीसांज झाली होती. मागून कातड्याची करकर आली. मी थांबले, ती थांबली. मी निघाले, ती निघाली. तेव्हा कुठे या विदुषीला आपल्या उत्तराचा अर्थ कळला. देवाला मी निर्जीव म्हटलं होतं, आणि ते बरोबर असल्याचं लाल शाईत ठरलं होतं.

घरी आई बांगडे साफ करत होती. ऐकून तिचा हात थांबला.

"ह्यां तू लिवलंस? आणि मास्तरांनी मार्क दिल्यानी?"

"होय."

"मगे तो येतलो गो इचारूक."

"आता काय करू?"

"माका काय इचारतंस? मार्क तुका गावलो."

ती पुन्हा बांगड्यांकडे वळली. तिच्या आवाजात भीती नव्हती, पाहुणा येणार असल्यासारखं बोलली.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींपुढे पेपर ठेवला.

"माझा मार्क काढा."

"का? उत्तर बरोबर आहे."

"ही चेतनगुणोक्ती नाही."

"मग काय आहे?"

"स्वभावोक्ती. जे जसं आहे तसं सांगितलंय."

गुरुजी घाटावरचे, आमच्या देवाशी त्यांचा संबंध नव्हता. तरी ते हसले नाहीत. "मग उत्तर चुकलं. पहिला नंबर जाईल."

"जाऊ दे."

त्यांनी मार्क खोडला. रेघ दोनदा ओढा, असंही मी सांगितलं, आणि त्यांनी ओढली.

संध्याकाळी पाणंदीत करकर आलीच. मागून आली, माझ्या अंगाला लागून पुढे गेली. दिसलं काहीच नाही. मी, दुसऱ्या नंबरची मुलगी, तिच्यामागे अंतर राखून घरापर्यंत चालत गेले.