कोरड्या काठीची दोन टोकं

‘झोप तितं खाली. अन दाव आमाला, पाय कसा उचलायचा त्यो.’

पाटलांच्या घरची सून ओसरीवरून बोलली. मी अंगणात, पायरीच्या खाली उभी. ओसरीवर बाजेवर तिची सासू, थोरल्या पाटलीणबाई, खुब्याचं हाड मोडलेल्या. त्यांना पायाचा व्यायाम शिकवायला मला बोलावलं होतं. पण ओसरी चढायची नाही. बाईंना शिवायचं नाही. मग मी मातीत आडवं होऊन दाखवायचं आणि त्यांनी वरून बघून करायचं, असा तोडगा त्या घरानं काढला होता.

माझी आई तेच अंगण झाडत होती. रोजच झाडायची. खराटा घेऊन पुढं आली आणि माझ्यासाठी माणूसभर जागा झाडून दिली. मी तिच्या तोंडाकडं बघितलं नाही. त्या जागेत उताणी झोपले. दवाखान्याचं पांढरं पातळ घोट्यापाशी मुठीत धरलं आणि पाय उचलला. कडबा टाकणारा गडी थांबून बघायला लागला. शेजारच्या बाया जमल्या. एकजण फिदीफिदी हसली. मी आभाळाकडं बघत मोजत होते. एक, दोन, तीन. दहापर्यंत मोजायचं होतं.

तो लढाईचा काळ. मी नगरला मिशनच्या एका दवाखान्यात आया होते. आमचे आजोबा ख्रिस्ती झालेले. पण कोल्हारच्या अलीकडं, प्रवरेकाठच्या आमच्या गावाला आम्ही महारच होतो. देव बदलला म्हणून पाणवठा बदलत नाही.

थोरल्या बाई गोठ्यात घसरल्या आणि बैलगाडीत घालून दवाखान्यात आणल्या. तीन महिने पायाला वजन बांधून, दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून पडून होत्या. त्या तीन महिन्यांत त्यांचं भांडं मी दिलं, मी काढलं. पाठीला फोड येऊ नयेत म्हणून रोज कुशीवर वळवून पाठ चोळली. वेणी घातली. घोटा वर-खाली करणं, गुडघा गादीत दाबणं, टाच सरकवत जवळ आणणं, सगळं त्यांचा पाय माझ्या हातात धरून शिकवलं. मी त्यांना आजी म्हणायचे. त्या म्हणायच्या, ‘पोरी, तुज्या हाताला गुण हाय बघ.’ तेव्हा त्यांना माझा विटाळ नव्हता. दवाखान्यात सगळंच बाटलेलं, तिथं कुणी बघत नाही.

घरी गेल्यावर त्यांना गोमूत्र शिंपून शुद्ध करून घेतलं. आणि मला मडमबाईंनी, म्हणजे आमच्या डॉक्टरीणबाईंनी, माझ्याच गावची पेशंट म्हणून महिनाभरासाठी मागोमाग धाडलं. निघताना बजावलं होतं, ‘रोज उभी कर, रोज चालव. पडून राहिली तर पाय आखडेल आणि ती बाजेवरच मरेल.’

झोपून करायचे व्यायाम मातीत लोळून उरकले. आजी वरून बघून करायच्या, माझ्याकडं बघायचं मात्र टाळायच्या. एकदा चुकून मी ‘आजी, गुडघा ताठ’ म्हणाले. सून कडाडली, ‘आजी कुनाची गं? थोरल्या बाई म्हनायचं.’ आजी गोधडी सारखी करत राहिल्या. मला ते फार लागलं.

मग उभं करायची वेळ आली. घरातल्या बायकांनी त्यांना बगलेत धरून असं उचललं की पाय लोंबकळायला लागले. पायावर भार येईना. पाटलांनी, म्हणजे आजींच्या मुलानं, विचार करून सांगितलं, ‘कोरड्या लाकडाला विटाळ न्हाई. काठी धरा.’ बायकांनी आजींना अंगणात आणून उभं केलं. एका हातात कुबडी, दुसऱ्या हातात काठीचं एक टोक. दुसरं टोक माझ्या हातात. मी उलट्या पावलांनी मागं जायचं आणि त्यांना ओढत आणायचं. बैलाला वेसण धरून आणतात तसं. फरक एवढाच की इथं ओढणाऱ्याचीच लाज जात होती.

तीन दिवस जमलं. चौथ्या दिवशी सुनेनं नुकताच सडा घातला होता. कुबडी ओल्यात घसरली. आजी कलल्या.

मी काठी टाकली आणि दोन्ही हातांनी त्यांना धरलं. अख्खं अंग माझ्या छातीवर आलं. त्यांनी माझ्या मानेला मिठी मारली. कानाशी म्हणाल्या, ‘सोडू नगं गं पोरी.’

पाटील ओसरीवरून म्हणाले, ‘सोड तिला.’

‘पडतील पाटील. हाड पुन्ना मोडंल.’

‘पडू दे. शिवलीस कशी?’

मी सोडलं नाही. हळूच खाली बसवलं, पाय सरळ केला, मग बाजूला झाले. सुनेनं घागर आणली आणि आजींच्या डोक्यावर ओतली. पौषातली सकाळ. म्हातारी ओल्या लुगड्यात कुडकुडत बसली होती, दात वाजत होते. मला धरलेला हात तिनं पदराखाली घेतला होता. आणि माझी आई खराटा खाली ठेवून, जमिनीला हात लावून म्हणत होती, ‘चुकली मालक. पोरीची जात, चुकली.’

काय चुकलं होतं माझं?

घरी येताना तळपायाची आग मस्तकाला गेली होती. पाटलांना आपली आई मोडलेली चालत होती, बाटलेली चालत नव्हती. हे त्यांनी माझ्या तोंडावर सांगितलं. आणि अशा घरासाठी मी माझ्या आईच्या डोळ्यांदेखत मातीत पाय वर करून झोपले. कुणी मला बांधून झोपवलं नव्हतं. मीच झोपले होते. त्याची लाज मला सगळ्यात जास्त वाटली.

दुसऱ्या दिवशी धुतलेलं पातळ नेसून गेले. पायरीपाशी उभी राहिले. सुनेनं काठी पुढं टाकली. मी उचलली नाही.

‘मी मातीत झोपनार न्हाई,’ मी म्हणाले. ‘काठी धरनार न्हाई. आजींनी माज्या खांद्यावर हात ठिवायचा. पायरी चढून येते अन महिन्यात चालवते. न्हाईतर मी चालले.’

पाटील हसले. ‘महाराची पोर अट घालती व्हय आमाला?’

मी आजींकडं बघत होते. हा त्यांचा पाय होता. गोधडीवरून त्यांचा हात उचलला गेला. खरंच उचलला गेला, मी पाहिला. पाटील खाकरले. हात परत गोधडीखाली गेला आणि आजींनी तोंड भिंतीकडं केलं.

मी वळले. पाठीमागं आई म्हणत होती, ‘आगं थांब, आगं मला जगायचंय ह्या गावात.’ थांबले नाही. तिचं त्या घरचं काम सुटलं. आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

आजी पुन्हा उठल्या नाहीत. पुढच्या पावसाळ्यात बाजेवरच गेल्या, पाठीला फोड येऊन. गावात म्हणतात, महारणीचा तळतळाट लागला. कसला तळतळाट? मला रडू आलं होतं. ती म्हातारी चालली असती. तिच्या पायात बळ आलेलं मी माझ्या हातांनी पाहिलं होतं. पण तिला बाजेवर ठेवणारी मी नव्हे, आणि ते पाप मी माझ्या पदरात घेणार नाही.

मी दवाखान्यात परतले. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या येतच राहिल्या, पाटलांच्या, देशमुखांच्या, भटाबामणांच्या. अजून एखादीचा मुलगा दारात उभा राहून सांगतो, ‘बाई, जरा लांबूनच दाखवा.’ मी खाटेपाशी जाते, वाकते आणि त्याच्या आईला, त्याच्यासमोर, मोठ्यानं सांगते. आधी माझ्या खांद्यावर हात ठेवा. हात आल्याशिवाय मी पहिलं पाऊल मोजत नाही.